विद्यार्थीसंख्येचे आकडे जुळत नाहीत? नवा डॅशबोर्ड घेण्याआधी हे तपासा

एआयएसएचई या केंद्राच्या उच्चशिक्षण सर्वेक्षणाची माहिती भरायची वेळ आली, एनआयआरएफ या राष्ट्रीय क्रमवारीचे तक्ते आले किंवा नॅक या मूल्यांकन संस्थेला द्यायचा वार्षिक गुणवत्ता अहवाल (एक्यूएआर) तोंडावर आला, की कॉलेजांतून एकच तक्रार येते: "सिस्टीम प्रत्येक ठिकाणी वेगळा आकडा दाखवतेय." मग आयक्यूएसीचे (कॉलेजच्या गुणवत्ता कक्षाचे) समन्वयक, विद्यार्थी विभागातले क्लार्क आणि संगणक विभागातले एखादे सर रात्री उशिरापर्यंत एक्सेलमध्ये आकडे जुळवत बसतात. त्या वर्षापुरते जुळतात. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. संलग्नित महाविद्यालयांच्या सॉफ्टवेअरमधला हा बिघाड मी वर्षानुवर्षे दुरुस्त करत आलो आहे, आणि डॅशबोर्ड, म्हणजे आकडे एकत्र दाखवणारा पडदा, बदलून तो गेलेला मी एकदाही पाहिलेला नाही. आकडा बिघडतो तो डॅशबोर्डपर्यंत पोचण्याच्या खूप आधी, कधीतरी घाईत घेतलेल्या आणि कुठेच न लिहिलेल्या एखाद्या निर्णयाजवळ. तो निर्णय शोधण्यासाठीच खालचा क्रम आहे. सोपे आणि बिनखर्चाचे आधी, अवघड शेवटी.

लक्षणे

- एकाच दिवशी काढलेल्या प्रवेश अहवालात, फी अहवालात, परीक्षा अर्जांच्या यादीत आणि मूडल या ऑनलाइन शिक्षणाच्या प्रणालीत विद्यार्थीसंख्या वेगवेगळी येते.
- मागच्या वर्षीचा आकडा आज पुन्हा काढला, तर तेव्हा पाठवलेल्या आकड्याशी जुळत नाही.
- निकालाची किंवा हजेरीची टक्केवारी एखाद्या वर्गात शंभरच्या वर जाते.
- 'इतर' किंवा रिकाम्या आरक्षण प्रवर्गातले विद्यार्थी दर वर्षी वाढतात.
- मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हे किंवा चौकोन दिसतात.
- अंतिम आकडा एकाच व्यक्तीच्या लॅपटॉपवरच्या फाइलमधून निघतो. ती व्यक्ती रजेवर गेली की काम थांबते.
- सर्व्हर अपडेट करायला कोणी धजावत नाही, कारण मागच्या वेळी अपडेटनंतर फी पावती छापणे बंद पडले होते.

कामाला लागण्याआधी दोन अहवालांतल्या फरकाचा स्वभाव पाहा. फरक रोज तेवढाच राहत असेल तर बहुतेक व्याख्येचा घोळ आहे. दर वर्षी वाढत असेल तर सोडून गेलेले किंवा प्रवेश रद्द केलेले विद्यार्थी यादीत साचत आहेत. सकाळी एक आणि दुपारी दुसरा असेल तर माहिती वेळेवर इकडून तिकडे जात नाही. आणि फरक फी किंवा हजेरी जोडलेल्या अहवालातच येत असेल तर एकेक विद्यार्थी अनेकदा मोजला जातोय. एवढ्या निरीक्षणाने अर्धा शोध आटोपतो.

आधी एक कागद आणि पेन

प्रश्न साधा आहे: तुमच्या कॉलेजात 'विद्यार्थी' कोणाला म्हणायचे, आणि कोणत्या तारखेला? विद्यार्थी विभागासाठी ज्याचा प्रवेश अर्ज मंजूर झाला तो विद्यार्थी. लेखा विभागासाठी ज्याची पावती फाटली तो. परीक्षा विभागासाठी ज्याने परीक्षा अर्ज भरला तो, त्यात मागच्या वर्षांचे एटीकेटीवालेही (काही विषय राहूनही पुढच्या वर्गात गेलेले) आले. ग्रंथालयासाठी ज्याचे कार्ड चालू आहे तो. चौघेही बरोबर आहेत आणि चौघांचे आकडे वेगळेच येणार.

एआयएसएचईला स्वतःची संदर्भ तारीख असते. नॅक आणि एनआयआरएफच्या तक्त्यांना स्वतःच्या व्याख्या आणि स्वतःची वर्षे असतात. त्या त्या वर्षीच्या सूचना उघडून तारीख आणि व्याख्या शब्दशः उतरवून घ्या, मागच्या वर्षीच्या आठवणीवर जाऊ नका. मग एकाच पानावर लिहा: प्रवेश रद्द केलेला विद्यार्थी कोणत्या तारखेपासून वगळायचा, एटीकेटी घेऊन पुढच्या वर्गात गेलेला विद्यार्थी कोणत्या वर्षात मोजायचा, ड्रॉप झालेला मोजायचा की नाही, पदविकेनंतर थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्याचे 'प्रवेश वर्ष' कोणते. त्या पानावर प्राचार्यांची सही घ्या.

सहीचा आग्रह मी मुद्दाम धरतो. सॉफ्टवेअरमधले बरेचसे कर्ज, म्हणजे आज टाळलेल्या आणि पुढे साचत जाणाऱ्या कामाचा बोजा, वाईट कोडमुळे चढत नाही. निर्णय घेणाऱ्याने निर्णय घेतला नाही म्हणून प्रोग्रामरने त्याच्या समजुतीने घेतला, यामुळे चढते. एटीकेटीवाला कुठे मोजायचा हे एका अहवालात एकाने ठरवले, दुसऱ्यात दुसऱ्याने. दोघेही आज त्या कंपनीत नाहीत.

दहा विद्यार्थी हाताने शोधा

या तपासणीला पैसे लागत नाहीत, अर्धा दिवस लागतो, आणि तिच्याइतके उत्तर दुसरी कुठलीच तपासणी देत नाही. एकूण आकड्यांशी झटापट करण्याऐवजी दहा अवघड विद्यार्थी निवडा: प्रवेश रद्द करून टीसी नेलेला एक, शाखा बदललेली एक, हप्त्यांनी फी भरणारा एक, लग्नानंतर नाव बदललेली एक, एटीकेटीवाला, ड्रॉप घेऊन परत आलेला, थेट दुसऱ्या वर्षाला आलेली, महाडीबीटी या राज्याच्या पोर्टलवरून शिष्यवृत्ती मिळणारा, विद्यापीठाकडची पात्रता अजून प्रलंबित असलेला आणि एक अगदी सरळ, काहीच न बदललेला. प्रत्येकाला जनरल रजिस्टर (कॉलेजची प्रवेशनोंदीची मूळ वही), प्रवेश प्रणाली, फी, परीक्षा आणि मूडल अशा सगळ्या ठिकाणी शोधा. कागदावर तक्ता करा: आहे, नाही, दोनदा आहे.

तो सरळ विद्यार्थीही कुठे दोनदा किंवा गायब दिसला तर बिघाड तांत्रिक आहे, पुढच्या तपासण्यांकडे वळा. फक्त अवघड विद्यार्थी गोंधळत असतील तर बिघाड नियमांत आहे आणि आधीचे पान अपुरे आहे. हा तक्ता जपून ठेवा, पुढे लागेल.

फिल्टर, वर्ष आणि घड्याळ

पॉवर बीआयसारख्या अहवाल बनवणाऱ्या साधनात कोणीतरी एकदा लावलेला फिल्टर तसाच जतन होतो आणि पाहणाऱ्याला जाणवतही नाही. अहवाल शैक्षणिक वर्ष धरतो की एप्रिल ते मार्च हे आर्थिक वर्ष, तेही पाहा. फीचे अहवाल बहुधा आर्थिक वर्षावर बेतलेले असतात आणि प्रवेशाचे शैक्षणिक वर्षावर.

मग माहिती शेवटची कधी आली ते शोधा. मूडलमध्ये पार्श्वभूमीतली कामे क्रॉन नावाच्या यंत्रणेवर चालतात आणि ती दर मिनिटाला चालावी अशी मूडलची शिफारस आहे. ती बंद पडली तर साइट उघडते, लॉगिन होते, पण नोंदणीची देवाणघेवाण आणि अहवाल जुनेच राहतात. प्रत्येक अहवालावर 'शेवटची अद्ययावत वेळ' छापून घ्या. अगदी छोटा बदल आहे आणि त्याने पुढची कितीतरी भांडणे टळतात.

सर्व्हरचे घड्याळ जागतिक वेळेवर असेल तर आपल्याकडचे रात्री १२ ते पहाटे ५:३० मधले अर्ज आदल्या तारखेत जातात. अंतिम मुदतीनंतर मध्यरात्री आलेले अर्ज मुदतीत मोजले जातात ते यामुळेच.

एक्सेलमधून जाणारी वाट

एका प्रणालीतून सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी फाइल) काढायची, एक्सेलमध्ये 'जरा नीट' करायची आणि दुसऱ्या प्रणालीत चढवायची, हे जवळपास सगळीकडे चालते. इथे माहिती अशी बदलते की कोणतीही चूक दाखवणारी खिडकी उघडत नाही.

एक्सेल कोणत्याही संख्येचे पहिले १५ अंकच सांभाळते, पुढचे शून्य करून टाकते. ज्या विद्यापीठांचा पीआरएन (विद्यार्थ्याचा कायम नोंदणी क्रमांक) १६ अंकी आहे, तिथे सीएसव्हीवर नुसते दोनदा क्लिक करून उघडली आणि जतन केली, की प्रत्येक पीआरएनचा शेवटचा अंक शून्य होतो. दहा वेगळे विद्यार्थी एकाच क्रमांकावर येतात. तपासणी एका मिनिटाची: पीआरएनचा रकाना वर-खाली पाहा, सगळे शून्याने संपत असतील तर तुमची फाइल खराब झाली आहे. ती दुरुस्त होत नाही, मूळ प्रणालीतून नव्याने काढावी लागते. क्रमांकाच्या सुरुवातीची शून्येही अशीच उडतात. ०३/०७ ही तारीख संगणकाच्या सेटिंगप्रमाणे ३ जुलै होते किंवा ७ मार्च.

उपाय म्हणजे फाइल थेट न उघडता 'डेटा' टॅबमधून आयात करणे आणि क्रमांकांचे रकाने 'टेक्स्ट' म्हणून घेणे. आयात करतानाच अक्षरांसाठी युनिकोड यूटीएफ-८ ही पद्धत निवडली तर मराठी नावेही शाबूत राहतात.

जुन्या एक्सएलएस फाइलमध्ये ६५,५३६ च ओळी मावतात, एक्सएलएसएक्समध्ये १०,४८,५७६. ऑक्टोबर २०२० मध्ये इंग्लंडमध्ये कोविडचे १५,८४१ रुग्ण दैनंदिन मोजणीतून निसटले, त्याचे कारण माहितीच्या वाटेवरचे हेच जुने फाइल स्वरूप. एका कॉलेजची पटसंख्या एवढी नसते. हजेरीच्या आणि मूडलच्या नोंदी मात्र एका सत्रात सहज एवढ्या होतात. तुमच्या फाइलची शेवटची ओळ नेमकी ६५,५३६ वी असेल तर त्यापुढची माहिती तुम्हाला मिळालेलीच नाही.

नावावरून जुळवणी करू नका

दोन याद्या नावावरून जुळवल्या की सूर्यवंशी आणि सुर्यवंशी दोन विद्यार्थी होतात. एकीकडे आडनाव आधी, दुसरीकडे शेवटी. याहून फसवा प्रकार म्हणजे डोळ्यांना सारखी दिसणारी पण संगणकाला वेगळी वाटणारी अक्षरे. 'ॲ' हे अक्षर स्वतंत्र युनिकोड चिन्ह म्हणून २००८ मध्ये आले. त्याआधीच्या कळफलकांवर लोक 'अ' ला वर चंद्र जोडून ते लिहीत, काही जण अजूनही लिहितात. पडद्यावर दोन्ही एकच, जुळवणीत दोन. जोडाक्षरांमध्ये लपलेली अदृश्य चिन्हेही असाच त्रास देतात. जुन्या नोंदी शिवाजी किंवा कृतिदेवसारख्या युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये असतील तर ती मुळात इंग्रजी अक्षरे असतात. ती रूपांतरित केल्याशिवाय कशाशीच जुळणार नाहीत.

मग काय वापरायचे? पीआरएन योग्य वाटतो, पण पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला तो विद्यापीठाकडून पात्रतेच्या प्रक्रियेनंतर मिळतो. तोवर तात्पुरता क्रमांक चालतो आणि पीआरएन आल्यावर कोणीतरी नवीन नोंद करते. पहिल्या वर्षाचे आकडे सर्वांत जास्त फुगतात ते म्हणून. एबीसी, म्हणजे विद्यार्थ्याचे श्रेयांक साठवणाऱ्या राष्ट्रीय बँकेच्या, १२ अंकी क्रमांकाचेही तसेच, विद्यार्थ्याने तो काढून दिला तर. त्यामुळे प्रवेशाच्या दिवशीच कॉलेजने स्वतःचा, कधीही न बदलणारा क्रमांक द्यावा आणि बाकीचे क्रमांक त्याच्याशी जोडत जावेत. जुन्या जनरल रजिस्टरचा क्रमांक नेमके हेच काम करत होता. तो संगणकात आणा.

प्रवर्गांची यादी

महाराष्ट्रातल्या कॉलेजांत सर्वांत खोलवर रुतलेला बिघाड मला इथे सापडतो.

आपल्याकडच्या आरक्षण प्रवर्गांची यादी स्थिर राहिलेली नाही. २०१४ मध्ये मराठा समाजासाठी ईएसबीसी हा प्रवर्ग आला आणि त्याच वर्षी उच्च न्यायालयाने स्थगिती दिली. २०१८ मध्ये त्यासाठीच एसईबीसीचा (सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग) कायदा झाला. २०१९ मध्ये १०३ व्या घटनादुरुस्तीने ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटक) आले. ५ मे २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एसईबीसी आरक्षण रद्द केले. २०२४ मध्ये नव्या कायद्याने ते १० टक्क्यांसह परत आले. आता कल्पना करा की ही यादी दहा वर्षांपूर्वी कोणीतरी थेट कोडमध्ये लिहून ठेवली आहे, आणि प्रत्येक बदलाच्या वेळी ऐन प्रवेशाच्या घाईत कोणीतरी तिच्यात एक ओळ घातली किंवा खोडली आहे.

काही ठिकाणी २०२१ नंतर एसईबीसी हा पर्याय यादीतून काढून टाकला गेला, म्हणून त्याआधीचे विद्यार्थी रिकाम्या प्रवर्गात जाऊन पडले. काही ठिकाणी एका आज्ञेने सगळ्या जुन्या नोंदी 'खुला' करून टाकल्या, म्हणून २०१९ चा अहवाल आज काढला तर वेगळा येतो. २०२४ ला तोच कोड पुन्हा वापरात आणला गेला आणि दोन वेगळ्या कायद्यांखालचे विद्यार्थी एका खान्यात आले.

शिवाय राज्याचे व्हीजे (विमुक्त जाती), एनटी-बी, सी, डी (भटक्या जमाती) आणि एसबीसी (विशेष मागास प्रवर्ग) हे प्रवर्ग केंद्राच्या तक्त्यात तसेच्या तसे नसतात. कुठला राज्य प्रवर्ग केंद्राच्या कोणत्या रकान्यात घालायचा, हे तुमच्या प्रणालीत कोणीतरी ठरवलेले आहे. कोणी आणि कशाच्या आधारे, ते शोधा आणि त्या सहीच्या पानावर लिहा.

दुरुस्तीचा नियम असा: जुना प्रवर्ग कधीही खोडू नका, कधीही पुन्हा वापरू नका. प्रत्येक प्रवर्गापुढे 'पासून' आणि 'पर्यंत' तारखा ठेवा. विद्यार्थ्याचा प्रवेशाच्या वेळचा प्रवर्ग एका रकान्यात गोठवून ठेवा आणि नंतर बदल झाला तर तो वेगळ्या ओळीत, तारखेसह नोंदवा. या आकड्यांवर शिष्यवृत्त्या आणि फी प्रतिपूर्ती अवलंबून असते. इथली चूक विद्यार्थ्याच्या खात्यात पैसे न येण्यापर्यंत पोचते.

मागच्या वर्षीचा आकडा बदलतो तेव्हा

बहुतेक कॉलेज प्रणाली विद्यार्थ्याची फक्त आजची स्थिती ठेवतात. मार्चमध्ये टीसी नेलेला विद्यार्थी सप्टेंबरच्या आकड्यातूनही नाहीसा होतो. यावर स्वस्त उपाय आहे: प्रत्येक संदर्भ तारखेला संपूर्ण यादी काढून, फक्त वाचता येईल अशा फोल्डरमध्ये, तारखेचे नाव देऊन ठेवा. पाठवलेला आकडा आणि त्यामागची यादी एकत्र. मूळ दुरुस्ती नंतर होईल, तोवर विचारणा झाली तर दाखवायला पुरावा आहे.

टक्केवारी शंभरच्या वर जात असेल तर अहवालात एकूण ओळी किती आणि वेगळे विद्यार्थी किती, हे दोन आकडे शेजारी काढा. तीन हप्त्यांत फी भरणारा विद्यार्थी पावत्यांशी जोडल्यावर तीन ओळींचा होतो. ओळी मोजणारा अहवाल त्याला तीनदा मोजतो.

आता कोडमध्ये शिरा

अमेरिकी प्रोग्रामर वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९२ साली सॉफ्टवेअरमधल्या या साचण्याला कर्जाची उपमा दिली. थोडे कर्ज काढून वेगाने पुढे जाणे त्यांना गैर वाटत नव्हते. ते वेळेत न फेडणे धोक्याचे, कारण त्यानंतर प्रत्येक कामात व्याज जाते. कॉलेजात ते व्याज म्हणजे दर वर्षी त्याच माणसांच्या त्याच जागलेल्या रात्री.

सगळ्या अहवालांची यादी करा. प्रत्येकापुढे तो कोण वापरते आणि 'विद्यार्थी' कसा मोजतो ते लिहा. एकच अट पंधरा अहवालांत पंधरा प्रकारे लिहिलेली आढळेल. गेल्या वर्षभरात कोणी न उघडलेले अहवाल आधी बंद करा. जो अहवाल नाही तो बिघडत नाही. उरलेल्यांसाठी सहीच्या पानावरून एकच मूळ यादी तयार करा आणि एकेक अहवाल तिच्यावर आणा. नवा आणि जुना अहवाल काही आठवडे शेजारी चालू द्या, त्या दहा विद्यार्थ्यांवर पडताळा, मग जुना बंद करा. सगळे एकदम नव्याने लिहायचा मोह आवरा. जुन्या विचित्र अटींपैकी काही खऱ्या नियमांसाठी असतात आणि पुनर्लेखनात त्या हरवतात.

सर्व्हरवरच्या सॉफ्टवेअरच्या आवृत्त्याही पाहा. पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेच्या ५.६ आवृत्तीचा सुरक्षा आधार ३१ डिसेंबर २०१८ ला संपला, मायएसक्यूएल या डेटाबेसच्या ५.७ चा ऑक्टोबर २०२३ मध्ये. अपडेट आधी प्रतीवर करून बघा. आणि यातले काहीही प्रवेशाच्या किंवा परीक्षा अर्जांच्या दिवसांत करू नका.

भाकिते सर्वांत शेवटी

'कोणता विद्यार्थी गळेल' हे सांगणारी साधने मोहात पाडतात. मूडलमध्येच असा भाकीत करणारा नमुना (मॉडेल) ३.४ आवृत्तीपासून, म्हणजे २०१७ पासून आहे. वरच्या तपासण्या झाल्याशिवाय तो चालू करू नका. दोनदा नोंद झालेल्या विद्यार्थ्याचे एक खाते कायम निष्क्रिय दिसते आणि नमुना त्यालाच धोक्यात समजतो.

स्वच्छ आकडेही चुकीचे वाचले जातात. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या, धोक्यातले विद्यार्थी ओळखणाऱ्या 'कोर्स सिग्नल्स' प्रणालीबद्दल असा दावा होता की ती वापरणारे दोन किंवा अधिक अभ्यासक्रम घेणारे विद्यार्थी जास्त टिकतात. २०१३ मध्ये अभ्यासकांनी दाखवले की गोष्ट उलटीही असू शकते: जे टिकले त्यांनाच असे अधिक अभ्यासक्रम घ्यायची संधी मिळाली. आपल्याकडे मोबाइलवर एकाच्या लॉगिनने तिघे मिळून व्हिडिओ बघतात. लॉगिन नाही म्हणून अभ्यास नाही, असा निष्कर्ष काढून पालकांना संदेश पाठवू नका. आधी वर्गशिक्षकांना विचारा.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

बॅकअप आहे असे सगळे म्हणतात, पण तो दुसऱ्या संगणकावर उघडून कोणी पाहिलेला नसेल, तर चालू डेटाबेसला हात लावू नका. हे पहिले आणि सर्वांत कडक बंधन.

गुण, निकाल किंवा फीच्या खतावणीतला फरक स्वतः दुरुस्त करू नका. तिथे परीक्षा विभाग, लेखापाल आणि लेखापरीक्षक लागतात, नुसता प्रोग्रामर पुरत नाही. चुकीचा आकडा आधीच सरकारी पोर्टलवर गेला असेल तर तो प्रश्न सॉफ्टवेअरचा राहिलेला नाही. प्राचार्य आणि नोडल अधिकाऱ्यांपर्यंत लेखी न्या. जात, अपंगत्व, आधार किंवा बँक खात्याची माहिती चुकून कोणाच्या व्हॉट्सॲप गटात किंवा उघड्या दुव्यावर गेल्याचे दिसले, तर दुवा बंद करा, काहीही पुसून न टाकता त्याच दिवशी वर कळवा. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ अशाच माहितीसाठी आहे. आणि डेटाबेसचा पासवर्ड फक्त पुरवठादाराकडे असेल तर आड वाटेने आत शिरू नका. करार काढा, माहिती खुल्या स्वरूपात परत मिळण्याचे कलम आहे का पाहा, नसेल तर नूतनीकरणाच्या वेळी ते घालून घ्या.

जाणकार आला की त्याला चार गोष्टी द्या: सहीचे पान, दहा विद्यार्थ्यांचा तक्ता, अहवालांची यादी आणि संदर्भ तारखांना गोठवलेल्या याद्यांच्या फाइल. कामाची व्याप्ती त्यावरूनच लिहून घ्या, आणि त्या दहा विद्यार्थ्यांची संगती सगळ्या प्रणालींत लागेपर्यंत शेवटचे बिल मंजूर करू नका.